चंदीगडची खुर्ची : विसाव्या शतकाच्या मध्यातील आधुनिक फर्निचरचे रसग्रहण

प्रस्तावना :
जुन्या फर्निचरकडे पाहण्याच्या दोन दृष्टी समाजात आढळतात. एक त्यास भंगार मानते, तर दुसरी केवळ जुने म्हणून दिवाणखान्यात मिरवते. दोहोंत रचनेचा विचार अभावानेच होतो. विसाव्या शतकाच्या मध्यास आकारास आलेली आधुनिक फर्निचरशैली आज पुन्हा लोकप्रिय झाली आहे. तिचे रसग्रहण कसे करावे, हे चंदीगडच्या खुर्चीच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतीय पंजाबला नव्या राजधानीची निकड भासू लागली. १९५१ मध्ये ल कार्बुझिए यांनी चंदीगडच्या आराखड्याचे काम हाती घेतले. त्यांचे आप्त व सहकारी पिएर जानरे हे १९६५ पर्यंत तेथेच कार्यरत राहिले. सचिवालय, न्यायालय, विद्यापीठ व ग्रंथालये यांसाठी मोठ्या संख्येने खुर्च्या, टेबले व कपाटे आवश्यक होती. जानरे यांनी यूली चौधरी यांच्यासारख्या भारतीय सहकाऱ्यांसमवेत ही गरज भागविली.

रचनावैशिष्ट्ये :
या खुर्चीचे सौंदर्य तिच्या बांधणीत आहे. दोन्ही बाजूंचे पाय उलट्या ‘व्ही’च्या आकारात हाताखाली एकत्र येतात. चौकट दाबाखाली तिरकी होऊ शकते. त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. म्हणजेच पायांचा तिरपेपणा हा अलंकार नसून आधार आहे. सागवान दमट हवेत व वाळवीपुढे टिकाव धरते. वेताच्या विणीतून हवा खेळते आणि वीण तुटल्यास स्थानिक कारागीर ती पुन्हा विणू शकतो. नक्षीकाम नाही, सांधे व लाकडाचे पोत उघडपणे दिसतात. एकाच आराखड्यावरून निरनिराळ्या कार्यशाळांत काम झाल्याने मापांत व घडणीत किंचित फरक आढळतो. तो हस्तकौशल्याची खूण होय.

मूल्याचा प्रश्न :
पुढे नवे फर्निचर आले, जुन्या खुर्च्या गच्चीवर व आवारात साचल्या आणि भंगार म्हणून लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या आणि त्याच खुर्च्या पाश्चात्त्य लिलावगृहांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वारसावस्तूंच्या विक्रीस मनाई केली. तथापि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी किमान १०० वर्षांची असावी लागते. त्यामुळे या फर्निचरला त्या कायद्याचे संरक्षण मिळत नाही. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. खुर्चीच्या पाठीमागे रंगविलेले खात्याचे नाव व क्रमांक हे मूळचे केवळ मालमत्तेच्या नोंदीसाठी होते. आज त्याच खुणा अस्सलपणाचा पुरावा म्हणून तपासल्या जातात.

समारोप :
सारांश, वस्तूचे वय वा बाजारभाव हा रसग्रहणाचा पाया असू शकत नाही. ती कोणत्या गरजेतून, कोणत्या सामग्रीत व कोणत्या युक्तीने घडली, हे पाहणे अगत्याचे आहे. आपल्या महाविद्यालयांच्या प्राध्यापक कक्षांत व ग्रंथालयांतही वेताच्या जुन्या खुर्च्या असतात. त्या जानरे यांच्या नसतील; परंतु डेडस्टॉक नोंदवहीतून त्यांचे निर्लेखन करण्यापूर्वी त्यांची मापे, छायाचित्रे व खरेदीचे वर्ष नोंदवून ठेवणे सहज शक्य आहे. चंदीगडमध्ये वस्तू गेल्यानंतर मूल्य कळले. तो क्रम आपण उलटा करू शकतो.