पुन्हा पुन्हा बिघडणारा गिअरबॉक्स : कारण, खूण आणि मौन

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली कारणाची कल्पना पाहिली. कार्याच्या आधी नेमाने असतं आणि ज्याच्यावाचून कार्य घडत नाही, ते कारण. हे सगळं घडा आणि कुंभार यांच्यापुरतं ठीक आहे, आजच्या व्यवहारात त्याचा उपयोग काय, अशी शंका कुणालाही येईल. म्हणून आज व्यवहारातलाच विषय घेऊ : सेकंडहँड घेतलेली ऑटोमॅटिक गाडी, आणि दुरुस्त करूनही पुन्हा पुन्हा बिघडणारा तिचा गिअरबॉक्स.

विषय किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. अशी गाडी घेणारे बरेचदा आमच्या वयाचे, गुडघ्यांमुळे क्लच नकोसा झालेले लोक असतात. नाहीतर पैसे साठवून पहिली गाडी घेणारं कुटुंब असतं. गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं, तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. आणि तेच काम तिसऱ्यांदा निघालं, की पैशाबरोबर माणसांवरचा विश्वासही जातो.

आधी यंत्र समजून घेऊ. ‘ऑटोमॅटिक’ हे एकच नाव असलं, तरी आपल्या रस्त्यांवर त्याचे मुख्यतः चार प्रकार दिसतात. पहिला टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिनाची शक्ती तेलातून पुढे जाते. दुसरा सीव्हीटी, यात ठरावीक गिअर नसतात, दोन पुलींमधला पट्टा हवं ते प्रमाण साधतो. तिसरा दोन क्लचचा, म्हणजे डीसीटी. चौथा एएमटी; हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर तो आपल्याकडे आला आणि स्वस्त गाड्यांतही ऑटोमॅटिक मिळू लागली. या चौघांचे आजार वेगवेगळे. म्हणून ‘ऑटोमॅटिकच खराब’ हे विधान ‘ताप आला म्हणजे मलेरियाच’ याच्या जातीचं आहे.

आता एक उदाहरण कल्पू. टॉर्क कन्व्हर्टरची सात-आठ वर्षांची गाडी. कोल्हापुरात, सपाटीवर उत्तम चालते. पण वैभववाडीकडून करूळ घाट चढताना धक्के मारते, इंजिन ओरडतं आणि गाडी उचलत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. गिअरचं प्रमाण चुकतंय, असा कोड आला. सोलेनॉइड बदलला. सोलेनॉइड म्हणजे तेलाची वाट उघडणारी-मिटणारी विजेची झडप. दोन महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. या वेळी सेन्सर बदलला. पुन्हा तेच. शेवटी कंट्रोल युनिटवर बोट ठेवलं गेलं.

इथं थांबून विचारायचं : स्कॅनरने सांगितलं तरी काय? त्याने खूण सांगितली, कारण नाही सांगितलं. प्रमाण चुकलंय एवढंच तो म्हणाला. ते तेल कमी झाल्याने चुकलं, क्लचच्या चकत्या झिजल्याने चुकलं, की झडपेत कचरा अडकल्याने, हे त्याच्या बोलण्यात नव्हतं. धूर दिसला की अग्नी आहे हे कळतं. आग कुणी लावली, हे धुरावरून कळत नाही.

समजा, या गाडीतलं खरं कारण असं आहे : बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या टाकीतच थंड केलं जातं. तिथं आत गळती झाली, की कूलंटचं पाणी तेलात शिरतं. एरवी लाल असणारं तेल दूध मिसळल्यासारखं गुलाबी दिसू लागतं. पाण्याने चकत्यांवरचा अस्तराचा थर सुटतो, त्याचे कण तेलातून फिरतात आणि झडपेत जाऊन बसतात. म्हणजे सोलेनॉइड खरोखरच बिघडला होता, मिस्त्री खोटं बोलला नव्हता. पण सोलेनॉइड हा बळी होता, गुन्हेगार नव्हे. नवा बसवला तरी तोही त्याच तेलात बसणार.

आता नैयायिकांकडे वळू. ते कारणसामग्री म्हणतात, म्हणजे एकट्यादुकट्या कारणाऐवजी सगळ्यांचा मेळ. आपल्या उदाहरणात घाट हे सहकारी कारण आहे. चढावर भार वाढतो, तेल तापतं आणि दडलेला दोष उघडा पडतो. घाट टाळला तर त्रास लपेल, दोष राहीलच. आणि ते जुनं कुंभाराचं गाढव आठवा. माती गाढवाने आणली, घड्याआधी ते हजर होतं, म्हणून ते घड्याचं कारण होत नाही. माती दुसऱ्या वाटेनेही आली असती. त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. ‘गेल्याच आठवड्यात नवी बॅटरी टाकली, तेव्हापासून सुरू झालं’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते गाढव असू शकतं, हे तपासायला हवं.

तपासायचं कसं? अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना हे होतं का, आणि ते नसताना हे होत नाही का? गाडी थंड असताना धक्का बसतो की तापल्यावर? चढावर की सिग्नलच्या गर्दीत? कितव्या गिअरला? हे आठ-पंधरा दिवस वहीत लिहून ठेवा. आणि दुसरा नियम : एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन पार्ट एकदम बदलून गाडी बरी झाली, तर कशाने बरी झाली हे कुणालाच कळत नाही. व्यवहारातली अडचणही ओळखू या. मिस्त्रीला पार्ट बसवल्याचे पैसे मिळतात, विचार केल्याचे मिळत नाहीत. तेव्हा निदानाची मजुरी वेगळी द्यायची तयारी गाडीवाल्याने ठेवायला हवी.

मोठ्या कंपन्यांनाही हा धडा मिळाला आहे. २०१३ साली फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या सात गिअरच्या, कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचा वीजपुरवठा बंद पडण्याची शक्यता होती. खूण विजेची होती, पण उपाय होता तेल बदलण्याचा. उष्ण, दमट हवेत आणि थांबत-थांबत चालवताना त्यातल्या सिंथेटिक तेलामुळे विजेत बिघाड होऊ शकत होता. म्हणून त्याजागी खनिज तेल घातलं गेलं.

आता आपल्या गावाकडे येऊ. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. अशा पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये हवेच्या नळीतून पाणी जाऊ शकतं, आणि पुढची कथा मघासारखीच. गाडी धुऊन, नवी सीट कव्हरं घालून बाहेरगावी विकली, की खूणही पुसली जाते. म्हणून घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीचा डाग पाहा, सीटखालच्या पट्ट्यांचा गंज पाहा, विम्याच्या क्लेमची चौकशी करा, तेलाचा रंग पाहा आणि गाडी तापेपर्यंत चालवा.

इथं प्रश्न यंत्राकडून नीतीकडे वळतो. विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्याच उदाहरणावरून दाखवलं, की अशा बाजारात घेणारा सगळ्यांनाच कमी किंमत देऊ करतो. मग चांगली गाडी असलेला माणूस ती बाजारात आणतच नाही. त्यांना २००१ साली नोबेल मिळालं.

आपला १८७२ चा करार कायदा यावर काय म्हणतो? त्याच्या सतराव्या कलमानुसार, माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणं ही फसवणूक आहे. पण नुसतं गप्प बसणं सहसा फसवणूक ठरत नाही. तिथं उदाहरण घोड्याचं आहे. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि तो काहीच बोलत नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे बोलणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालतो’, तर तिथलं मौन हे बोलण्यासारखंच मानलं जातं.

घोड्याच्या जागी गाडी ठेवा. व्यवहाराआधी विचारा, आणि मोबाइलवर का होईना, लेखी विचारा : गिअरबॉक्स कधी उघडला होता का? गाडी पाण्यात होती का? तेल कधी बदललं? तुमच्या प्रश्नामुळे समोरच्याच्या मौनाचा अर्थ बदलतो. गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. तिथं तुमची वही आणि तो लेखी प्रश्न, दोन्ही उपयोगी पडतील.

तर आजचं सार असं. बिघाड पुन्हा येतो, तेव्हा बहुधा आपण परिणाम बदललेला असतो आणि कारण तसंच ठेवलेलं असतं. कारण शोधणं हे गाडीवाल्याचं आणि मिस्त्रीचं मिळून काम आहे. आणि ज्याला कारण आधीच माहीत होतं, त्याने ते सांगायला हवं होतं का, याचं उत्तर कायद्यात निम्मं आहे. उरलेलं निम्मं आपण स्वतः गाडी विकायला काढू, त्या दिवशी द्यायचं आहे. पुढच्या वेळी आपण हाच धागा धरून मौन आणि असत्य यांतला फरक पाहू.