वाफ लहान होत नाही

साडेतीन इंच रुंदीच्या रुळांवर धावणारं, हाताने घडवलेलं वाफेचं इंजिन खऱ्या इंजिनाच्या सुमारे सोळाव्या हिश्शाचं असतं. लांबी सोळाव्या हिश्शावर आली, की आकारमान उतरतं थेट 4096व्या हिश्शावर. पण आग, पाणी आणि वाफ आहे तशीच राहते! खऱ्या बॉयलरमधली दोन इंची नळी त्याच प्रमाणात घटवली, तर ती जेमतेम तीन मिलिमीटरची होईल आणि काजळीने पटकन तुंबेल. म्हणून घडवणारा नळ्या मोजक्याच, पण जाड घेतो. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या इंजिनाचं पोट त्याला नव्याने रचावं लागतं.

अशी छोटी इंजिनं पूर्वी बहुतेक स्पिरिटच्या दिव्यावर चालायची. 1920च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘एलबीएससी’ या नावाने लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्स यांनी ‘आयेशा’ हे अडीच इंच रुंदीच्या रुळांवरचं इंजिन कोळशावर चालवून त्याच्यामागे जिवंत माणसं ओढून दाखवली.

या कामात मला सर्वांत भुरळ घालतो तो बॉयलर. तांब्याचा पत्रा लालबुंद करून पाण्यात बुडवला, की तो मऊ पडतो. पोलाद अशाने कडक झालं असतं. साच्यावर ठोकून कडा वळवायच्या. ठोकताना तांबं पुन्हा ताठरतं, मग पुन्हा भट्टी. सांधे चांदीच्या डाकाने जोडायचे. चाचणीला मात्र वाफ नाही, थंड पाणी भरायचं आणि नेहमीच्या दुप्पट दाब द्यायचा. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी स्फोट होत नाही, नुसती गळती होते.

आणि ती आग! सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून वर झेपावते, जाताना धूर ओढून नेते, आणि भट्टीत ताजी हवा शिरते. ओझं वाढलं की वाफ जोरात सुटते, आग आपोआप भडकते.

त्याहून नवल इंजेक्टरचं. 1858 साली फ्रान्सच्या आंरी जिफार यांनी तो शोधला. बॉयलरचीच वाफ त्याच बॉयलरमध्ये, त्याच दाबाविरुद्ध पाणी ढकलते! अरुंद तोंडातून सुसाट सुटलेली वाफ गार पाण्यात विरते, आपला वेग पाण्याला देते, आणि पुढे रुंदावत जाणाऱ्या शंकूत त्या वेगाचा दाब होतो. छोट्या इंजिनात ही छिद्रं मिलिमीटरच्या आसपासची. त्यात क्षाराचा पातळ थर बसला तरी पाणी चढत नाही, म्हणून हे शंकू अधूनमधून काढून व्हिनेगरमध्ये भिजत घालतात.