छायाचित्राचें शृंगारणें

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं नातीचें लग्न झालें. लग्नाचे फोटो महिन्याभरानें आले. सर्व मंडळी मोठ्या हौसेनें माजघरांत जमली. सुनेनें संगणक लावला, आणि एकामागून एक चित्रें पुढें सरकूं लागलीं. पैठणीचा काठ झळकत होता, मुंडावळ्यांचे मोती मोजून घ्यावे इतके स्पष्ट होते, आणि मंडप तर प्रत्यक्षाहून देखणा दिसत होता. पांचदहा चित्रें झाल्यावर नात हळूच म्हणाली, "आजोबा, कपडे माझे आहेत, पण ही मी नाहीं."

मुलगी सांवळी आहे. आजीच्या वळणावर गेलेली आहे. चित्रांतील वधू गहूवर्णीहि नव्हे, सरळ गोरी होती. हनुवटीवरील तीळ, जो तिच्या आईनें बारशाच्या दिवशीं सर्वांस कौतुकानें दाखविला होता, तो कोठेंच नव्हता.

छायाचित्रकार सज्जन तरुण. त्यास विचारलें तेव्हां तो म्हणाला, "आजोबा, सगळ्यांना असेंच आवडतें. सर्व फोटोंना एकच प्रीसेट लावतों, आणि चेहरा थोडा साफ करतों." त्याच्या बोलण्यांत लबाडी नव्हती; शिंप्यानें 'सगळे अशीच बाही ठेवतात' म्हणावें तसें तो बोलला. तेव्हां हा प्रीसेट म्हणजे आहे तरी काय, हें समजून घ्यावें म्हणून मी दोन दिवस त्याच्याकडे जाऊन बसलों. निवृत्त शिक्षकास वेळेची ददात नसते, आणि शिकविणारा तरुणहि उत्साही होता.

त्यानें सांगितलें तें थोडक्यांत असें. आजचा धंदेवाईक कॅमेरा दोन प्रकारें चित्र ठेवूं शकतो. एक, तयार चित्र. आणि दुसरी, प्रकाशाची कच्ची नोंद, जिला हीं मंडळी 'रॉ' म्हणतात. ही कच्ची नोंद उघडून पाहिल्यास मळकट व निस्तेज दिसते. तिजवर संगणकांत संस्कार करावा लागतो: उजेड किती, छाया किती गडद, पांढरा रंग खरोखर पांढरा दिसतो कीं पिवळट, हिरवा कोणीकडे झुकतो, निळा किती फिका. प्रत्येक गोष्टीस एक पट्टी व तिजवर सरकणारी खुंटी असते. एका चित्रासाठीं या खुंट्या मनाजोग्या लागल्या, कीं त्यांचीं सर्व मापें एका नांवाखालीं साठवून ठेवावयाचीं. त्या साठवणीस प्रीसेट म्हणतात. पुढें दुसऱ्या चित्रावर तें नांव नुसतें दाबलें, कीं सर्व खुंट्या त्या त्या मापावर जाऊन बसतात. फोटोशॉप हें या विद्येचें मुख्य साधन १९९० सालीं बाजारांत आलें, आणि छायाचित्रकारांच्या मोठ्या गठ्ठ्यांसाठीं बनविलेलें लाईटरूम २००७ सालीं. मोबाईलवर इन्स्टाग्राम २०१० सालीं आलें, आणि मग हा संस्कार पोराबाळांच्या बोटावर आला.

आमच्या घरच्या भाषेंत बोलावयाचें तर हा कुटून ठेवलेला मसाला होय. एका लग्नांत दोन-तीन हजार चित्रें निघतात. प्रत्येकास स्वतंत्र फोडणी देत बसल्यास अल्बम पहिल्या मंगळागौरीसहि हातीं येणार नाहीं. शिवाय सकाळच्या सीमांतपूजनापासून रात्रीच्या वरातीपर्यंत सर्व चित्रें एका हातचीं दिसावीं, हेंहि योग्यच. एवढ्यापुरतें प्रीसेटाशीं माझें भांडण नाहीं. पण भरल्या वांग्यास जमलेला मसाला खिरीस कसा चालेल?

आमच्या मुळशी तालुक्यांत याचें प्रत्यंतर रोज येतें. श्रावण लागला, कीं ताम्हिणी घाटांत व धरणाच्या कांठीं नियोजित वधूवरांच्या जोड्या छायाचित्रकारांसह दाखल होतात. (लग्नापूर्वीं अशी चित्रें काढून घेण्याची चाल आमच्या पिढीस विलक्षण वाटते, परंतु पत्रिका पाहून न बोलतां लग्न ठरविण्याची आमची चाल तरी कोणती अविलक्षण होती!) पावसांतील ताम्हिणीचा हिरवा रंग ज्यानें पाहिला आहे त्यास तो सांगावयास नको. परंतु सध्यां विकत मिळणारे कित्येक प्रीसेट परदेशी छायाचित्रकारांनीं आपल्या उजेडासाठीं व आपल्या रानांसाठीं केलेले असतात, आणि त्यांत हिरव्याचा तपकिरी करण्याची रीत फार. त्यालाहि कारण आहे: गर्द झाडींत पानांवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर हिरवट पडतो, आणि भडक हिरव्यापुढें माणूस फिका पडतो, म्हणून हिरवा दाबतात. पण दाबतां दाबतां श्रावणांतील सह्याद्रि वैशाखांतला दिसूं लागतो, आणि कारवीच्या फुलांची जांभळी छटा, जिच्यासाठीं सात वर्षें वाट पाहावयाची, ती राखेच्या रंगाची होते.

हळदीचा प्रकार तर याहून मौजेचा. चौकटींत जिकडेतिकडे पिवळें दिसलें, कीं यंत्रास वाटतें उजेडच पिवळा आहे. मग तें तोल सांवरण्यासाठीं आपल्या मतें निळा मिसळतें. हळद फिकी पडते, हातपाय निळसर होतात. त्यावर ऊब आणणारा प्रीसेट लावला, कीं वधू थेट केशरी! याचा उपाय साधा आहे: हळद लागण्यापूर्वीं एखादा करडा किंवा पांढरा कागद त्याच उजेडांत धरून एक चित्र काढून ठेवावें, व पांढऱ्याचा तोल त्यावरून ठरवावा. आमच्या तरुणास हें ठाऊक होतें. 'गडबडींत राहून जातें' म्हणाला.

त्याच्या संगणकावर धरणाकांठचें एक चित्र मीं पाहिलें. मूळ चित्रांत जोडप्याच्या मागें आकाशांत विजेच्या तारा आडव्या गेल्या होत्या. त्यानें दोन हालचालींत त्या पुसल्या. आकाश निर्मळ झालें. चित्र खरोखर सुधारलें, हें मीं कबूल केलें. पण याच तळ्याखालीं कित्येक गांवें गेलीं तीं विजेसाठीं, आणि त्यांच्यासाठीं १९२१ सालीं रामनवमीस सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारीपणाखालीं येथील मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला, हें त्या मुलास ठाऊक नव्हतें. मीं सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें, आणि तारा पुसलेल्याच ठेवल्या. गिऱ्हाईक लग्नाचें होतें, इतिहासाचें नव्हे. त्याचें चुकलें असें मला वाटत नाहीं.

कारण चित्र शृंगारण्याची ही विद्या संगणकाबरोबर जन्मलेली नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील कांचेच्या ओल्या पट्टीस निळा उजेड फार दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून त्या काळच्या चित्रांत आकाश कोरें पांढरें असतें, आणि आपल्या पणजीच्या कपाळींचें कुंकू काळें! फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यानें १८५० नंतरच्या दशकांत समुद्र एका पट्टीवरून व ढग दुसऱ्या पट्टीवरून घेऊन एक चित्र छापलें. रेजलँडरनें १८५७ सालीं तीसांहून अधिक पट्ट्या जुळवून एकच मोठा देखावा उभा केला. आमच्याकडे मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांनीं ही कला हातीं घेतली. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रण शिकले, गोध्र्यास त्यांनीं स्टुडिओ चालविला, आणि पुढें आमच्या शेजारच्या लोणावळ्यास रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीं फोटोवरून शिळाछापाचें काम केलें. १९१९ च्या 'कालिया मर्दना'त त्यांनीं आपल्या कन्येचा चेहरा पडद्यावर पाहतां पाहतां बालकृष्णाचा करून दाखविला. तेथें कोणी फसला नाहीं. लोक तें पाहावयासच आले होते.

गांवोगांवच्या स्टुडिओंत तर निगेटिव्हवर टोंकदार पेन्सिल चालविणारा कारागीर असेच. निगेटिव्हवर जेथें काळें करावें तेथें छापील चित्रांत पांढरें उमटतें; म्हणून सुरकुतीच्या फटींत पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले, कीं सुरकुती जाई. आणि गोरेपणाकडे झुकणारी चूक केवळ आपल्या लोकांच्या आवडीची नव्हे, ती यंत्रांतहि होती. रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंगांचा तोल जुळविण्यासाठीं कोडॅक कंपनी एका गोऱ्या स्त्रीचें चित्र पाठवीत असे. तिच्या नांवावरून त्यास 'शर्ली' कार्ड म्हणत. शर्ली नीट दिसली कीं रंग नीट! निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचीं कार्डें पुढें कित्येक वर्षांनीं आलीं.

बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानें 'मानसोल्लासां'त चित्राचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें हुबेहूब तें 'विद्ध', आणि कल्पनेनें सहज रेखाटलेलें तें 'अविद्ध'. दोन्ही प्रकार राजास मान्य आहेत. त्यांतला एक थोर व दुसरा हीन असें तो मानीत नाहीं. माझ्या मतें घोटाळा होतो तो अविद्ध चित्र विद्ध म्हणून भिंतीवर टांगल्यानें. १९८२ सालीं 'नॅशनल जिऑग्राफिक'नें उभ्या मुखपृष्ठांत मावावे म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकानें जवळ सरकविले, आणि चेन्नईच्या पुराच्या वेळीं, डिसेंबर २०१५ मध्यें, सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानें प्रसिद्ध केलेल्या हवाई पाहणीच्या चित्रांत खिडकीबाहेरचें दृश्य दुसऱ्या चित्रांतून आणून बसविलेलें निघालें. तें मागें घ्यावें लागलें. फ्रान्समध्यें ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातींतील स्त्रीचा बांधा कमीजास्त केला असल्यास तसें चित्रावर छापावें लागतें. आपल्याकडे जाहिरातीपेक्षां मुलगी दाखविण्याचा फोटो अधिक चिंतेचा. शादी डॉट कॉमनें वर्णावरून स्थळें निवडण्याची सोय २०२० सालीं काढून टाकली. घराघरांतील चाळणी मात्र काढलेली नाहीं, आणि तिच्यांतून जाण्यासाठींच मुलीचा चेहरा दोन छटा उजळून पाठविला जातो. मग प्रत्यक्ष पाहण्याच्या दिवशीं ती बिचारी स्वतःच्याच फोटोशीं स्पर्धा करीत चहाचे कप पुढें करते.

याविषयीं मी इतका हळवा कां, त्यास एक घरगुती कारण आहे. माझी आई मी सात वर्षांचा असतांना गेली. तिचा स्वतंत्र फोटो नव्हता. एका मुंजीच्या समूहचित्रांत ती मागल्या रांगेंत, कोणाच्या तरी खांद्याआड उभी होती. वडिलांनीं तें चित्र शहरांतील एका स्टुडिओंत नेऊन तेवढा चेहरा मोठा करून घेतला. कारागिरानें झांकलेला खांदा काढला, अंगावर शाल घातली, आणि नाकांत टपोऱ्या मोत्यांची नथ रंगविली. त्याच्या दृष्टीनें सवाष्णीचें चित्र नथीवांचून अपुरें! फोटो दिवाणखान्यांत लागला, आणि आम्ही भावंडें त्या नथीसह आई आठवीत मोठीं झालों.

धाकट्या बहिणीचें लग्न ठरलें तेव्हां प्रश्न निघाला, आईची नथ कोठें आहे? वडील तोंवर निवर्तले होते. आईचे दागिने काकूनें संभाळले होते, हें सर्वांस माहीत होतें. काकू म्हणाली, नथ माझ्याकडे कधींच आली नाहीं. फोटो समोर होता. कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. परंतु लग्नांत काकूस ओटी भरण्यास कोणी बोलाविलें नाहीं, आणि पुढें बारा वर्षें आमच्या घरांत तिच्याशीं जेवढ्यास तेवढें बोलणें राहिलें. मीहि त्यांत होतों.

नंतर आजोळच्या एका ट्रंकेंत मुंजीचें मूळ समूहचित्र सांपडलें. भिंग लावून पाहिलें. आईचें नाक मोकळें होतें. मामीनें तेव्हां सांगितलें, कीं नथ माझ्या जन्मापूर्वींच, वडिलांच्या शिक्षणाच्या पदवीच्या फीसाठीं, सावकाराकडे गेली होती व सुटली नाहीं. मी तें चित्र घेऊन काकूकडे गेलों. तिनें चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलें, आणि परत माझ्या हातीं दिलें. म्हणाली, "बस, चहा घे."

तेव्हांपासून आमच्या घरांत नियम आहे: चित्र किती सजवावें तें सजवावें, परंतु मूळ प्रत टाकावयाची नाहीं, आणि मागें तारीख व नांवें लिहावयाचीं. रॉ पद्धतींत ही सोय आयतीच आहे. प्रीसेट मूळ नोंदीस हात लावीत नाहीं, तो नुसता मापांची चिठी जोडतो, व चिठी काढली कीं खालचें जसेंच्या तसें. छायाचित्रकारांशीं बोलणी करतांना मुहूर्त, जेवण, प्रवासखर्च एवढेंच आपण ठरवितों. त्याबरोबर वर्णास हात लावावयाचा नाहीं, तीळ-व्रण पुसावयाचे ते विचारून, आणि न सजविलेल्या प्रती निदान घरच्या माणसांच्या तरी द्यावयाच्या, हेंहि आधींच सांगावें. पुढें मागितल्यास त्याच्या जवळ असतीलच असें नाहीं. जागा अडते म्हणून वर्षा-सहा महिन्यांनीं कित्येकजण पुसून टाकतात.

आमचा तरुण भला, त्यानें सर्व राखलें होतें. एका दुपारीं त्यानें माझ्या देखत चेहऱ्यावरील लेप उतरविला. आणि नात पडद्यावर हळूहळू सांवळी होत होत आपल्या आजीसारखी दिसूं लागली. तीळ जागेवर आला. ही चित्रें नव्यानें छापून आलीं आहेत. पैठणीचा जांभळा रंग तेवढा अजून निळसरच दिसतो. पुढल्या आठवड्यांत प्रत्यक्ष पैठणी पिशवींत घालून मी पुन्हा त्याच्याकडे जाणार आहें.