जोडीच्या तारा आणि रक्ताची सळसळ

तंबोरा मिळवताना मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला कारागीर जोडीच्या दोन तारा छेडतो आणि कान देऊन हेलकाव्याची वाट पाहतो. तारांत केसाइतका फरक असला तरी आवाज डुलतो. डुलणं मंदावत थांबलं की तारा मिळाल्या.

कातडीवरच्या गाठीत रक्त किती खेळतंय हे सुई न टोचता सांगणारं लेझर डॉप्लर यंत्र असाच फरक ऐकतं. लेझरच्या प्रकाशाची कंपनं सेकंदाला सुमारे ४०० लाख कोटी. स्थिर पेशींवरून तो जसाच्या तसा परततो. केशवाहिन्यांतून सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर सरकणाऱ्या तांबड्या पेशींवरून परतताना मात्र कंपनं बदलतात, तीही फार तर काही हजारांनी. एवढ्या अवाढव्य आकड्यात हा फरक सुटा कसा मोजणार? पण दोन्ही प्रकाश एकमेकांत मिसळले की हेलकावे उठतात आणि ते थेट आपल्या कानाच्या टप्प्यात येतात. स्पीकर जोडला तर रक्ताची सळसळ खरोखर ऐकू येते! तत्त्व ख्रिस्तियान डॉप्लरचं, १८४२ सालचं. कातडीतल्या रक्तावर ते चालवून दाखवलं मायकेल स्टर्नने, १९७५ साली.

खरी गंमत उपचार चालू असताना आहे. फोटोडायनॅमिक उपचारात वरवरच्या कर्करोगावर मलम लावतात. गाठीतल्या पेशी त्यापासून प्रकाशाला भुलणारं एक द्रव्य तयार करतात. मग तांबडा प्रकाश सोडला की ते द्रव्य ऑक्सिजनला खवळवतं आणि खवळलेला ऑक्सिजन त्याच पेशींचा जीव घेतो. पण ऑक्सिजन आणतं रक्त. म्हणजे ज्या गाठीची रसद तोडायची, तिचीच रसद उपचार संपेपर्यंत चालू ठेवायची! पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली याच जातीच्या, पण अधिक खोल पाहणाऱ्या पद्धतीने उंदरांच्या गाठी तपासल्या. उपचारादरम्यान ज्यांचं रक्त झपाट्याने आटलं, त्या गाठी लवकर पुन्हा वाढल्या.

लेझर डॉप्लरची नजर मात्र मिलिमीटरभरच खोल जाते. त्याहून खोल रुजणारे कर्करोग तिच्या टप्प्याबाहेर राहतात. उदाहरणार्थ, धोतराची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी काचून कमरेवर होणारा कर्करोग डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ साली नोंदवला. तो काच सातारा-सांगलीच्या जुन्या शेतकऱ्यांना वेगळा सांगायला नको. अशी रुजलेली कर्करोगाची गाठ कापूनच काढावी लागते. तिथे यंत्र कामी येतं ते नंतर, जखमेवर सरकवून बसवलेल्या कातडीत रक्त पोचतंय ना, हे ऐकायला.