गोणी पाठीवर, गादी मणक्यात

पहाटे साडेतीन. तुर्भ्याच्या खोलीत माथाडी उठून उभा राहतो तेव्हा त्याची उंची दिवसातली सगळ्यांत जास्त असते. मणक्यांमधल्या २३ गाद्या रात्रभर पाणी शोषून टम्म झालेल्या असतात. रात्रीपर्यंत तो दीडेक सेंटीमीटरने कमी होणार, आणि त्यातली निम्मीअधिक घट उठल्यावरच्या पहिल्या तासात. टम्म गादीला वाकणं सोसत नाही. दुपारी सहज जमणारं वाकणं या वेळी तिच्या कडांना भलतंच ताणतं.

चार. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गाड्या लागल्यात. नेमक्या नको त्या वेळी काम सुरू, पण बाजार कण्याचं घड्याळ बघून भरत नाही. टोळीतले दोघे वरून गोणी कडेला सरकवतात, खालचा पाठ देऊन किंचित झुकतो आणि ५० किलो मानेच्या खाली येऊन बसतात. जाणता हमाल मानेच्या ७ नाजूक मणक्यांवर वजन येऊ देत नाही. ते छातीच्या वरच्या मणक्यांवर घेतो, जिथे बरगड्यांचा आधार असतो.

बघणाऱ्याचं काळीज हलतं. मला मात्र यात शहाणपण दिसतं. कण्याला वजनापेक्षा वजनाचं अंतर छळतं. २० किलो कण्यापासून अर्धा मीटर पुढे धरले, की जेमतेम ५ सेंटीमीटर मागे असलेल्या पाठीच्या स्नायूंना तोल राखायला दहापट, म्हणजे २०० किलोइतकी ओढ लावावी लागते. हा सगळा भार कमरेच्या गादीवर दाबून बसतो. पाठीवरची गोणी कण्याला लागूनच असते.

सात. लिलावाची गर्दी. एक गोणी जमिनीवर पडते. टोळीत नवा आलेला पोरगा कमरेत वाकून ती उचलतो आणि पाय जागेवर ठेवूनच वळतो. घात इथे होतो. कमरेचे ५ मणके वाकतात छान, वळतात अगदी थोडे. मागचे छोटे सांधे त्यांना अडवतात. वळायचं काम छातीच्या १२ मणक्यांचं आणि मानेचं. वजनासकट वाकून वळलं, की गादीच्या मागच्या कडेचे तंतू फाटू शकतात, आतला गर बाहेर डोकावतो आणि शेजारची नस दबते. बहुतेकदा हे कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांतच होतं. मग कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ जाते. ‘उसण भरली असेल,’ म्हणत मुकादम त्याला बाजूला बसवतो. कळ पायात उतरली तर ती नुसती उसण नव्हे, हे मुकादमाला कोणी सांगायला हवं.

अकराला गाळा झाडून होतो, वाराईचा, म्हणजे माल उतरवण्याच्या मजुरीचा हिशेब, डबा.

पूर्वी गोणी १०० किलोची असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका माणसाने उचलायच्या वजनासाठी ५५ किलोंची शिफारस केली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा आला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. पाठीच्या आरोग्यासाठी व्यायामाच्या तक्त्यांपेक्षा गोणीचं वजन उतरण्याने जास्त साधलं, असं माझं मत.

रात्री नऊ. अंग टाकलं. स्वीडनच्या नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला. तो आडवं पडल्यावर सगळ्यांत कमी भरला. मोठेपणी गादीच्या आतल्या गराला रक्तवाहिन्या नसतात. वरखालच्या मणक्यांतून झिरपेल तेवढंच त्याचं पोषण, आणि गेलेलं पाणी परत येतं ते असा भार उतरला की. पंचविशीत ते जवळजवळ सगळं येतं. पन्नाशीत गराची पाणी धरायची ताकदच कमी झालेली असते, मग कितीही झोपा.