टॉवर नसला तरी गाडी नकाशावर

तारनाक्याहून सोलापूरला गाडी निघाली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "पोचलात की फोन करा." हल्ली जोडीला मोबाइलवरून लोकेशनही पाठवतो आपण. जहिराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग... ठिपका सरकत राहतो. मध्येच रेंज गेली की ठिपका जागच्या जागी थांबतो आणि इकडे आजीचा जीव टांगणीला लागतो.

हौशी रेडिओवाल्यांकडे, म्हणजे 'हॅम' मंडळींकडे, एक वेगळी सोय आहे. तिचं नाव एपीआरएस. गाडीत छोटा रेडिओ आणि त्याला जोडलेला जीपीएस. अक्षांश-रेखांश, वेग, दिशा आणि परवानाधारकाचं कॉलसाइन एवढा मजकूर सुरांत बदलून रेडिओवरून पाठवला जातो. वेग सेकंदाला १२०० बिट्स, आजच्या मानाने गोगलगाईचाच. पण आपण कुठे आहोत हे सांगायला लागतं किती? सेकंदभर खरखर ऐकू येते, की निरोप गेला. वाटेतल्या उंच जागेवरचं केंद्र तो ऐकून पुढे पाठवतं. एखाद्या हॅमने आपला रेडिओ इंटरनेटला जोडलेला असेल, तर गाडी जगाच्या नकाशावर दिसते. इंटरनेट बंद असलं तरी आसपासच्या हॅमना ती त्यांच्या सेटवर दिसू शकते. कॉलसाइनपुढे ९ असला की बहुधा गाडी समजायची, ७ असला तर हातातला सेट. चांगला ट्रॅकर सरळ रस्त्यावर कमी बोलतो, वळण आलं की लगेच कळवतो.

गंमत म्हणजे या पद्धतीची सुरुवात गाड्यांपासून झालीच नाही. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी १९८४ मध्ये तिचं एक आधीचं रूप वापरलं ते १०० मैलांच्या शर्यतीतले घोडे कुठवर आले हे कळवायला! एपीआरएस म्हणजे नुसतं गाडी शोधायचं साधन नव्हे, निरोपांची देवाणघेवाणही त्यावर व्हावी, असं ते आवर्जून सांगत.

मात्र इथे ऐकणारा कुणीतरी हवा. या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यातच जातात. मौला अलीच्या टेकडीसारखी उंच जागा मिळाली तर लांबचं ऐकू येतं, नाहीतर इमारती आड येतात. दुसरं म्हणजे, हॅम रेडिओवर सांकेतिक भाषेत लपवून बोलता येत नाही. तुमची गाडी कुठे आहे, म्हणजेच घरी कुणी नाही, हेही सगळ्यांना दिसतं. घराजवळ आल्यावर ट्रॅकर बंद करणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

रेडिओची ही हौस आपल्या शहराला नवी नाही. राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था हैदराबादचीच. डिसेंबर २००४ मध्ये तिच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह रेडिओ मोहिमेसाठी अंदमानात होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि बेटांवरच्या माणसांची खुशाली याच रेडिओवरून मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना कळू लागली. तिथे ट्रॅकर नव्हता, बोलायचा साधा सेट होता. ऐकणारे मात्र होते.

वय १२ पूर्ण असेल तर तुम्हीही दूरसंचार विभागाची परीक्षा देऊ शकता. रेडिओचं तंत्र आणि नियम विचारतात. मर्यादित श्रेणीसाठी मोर्स लागत नाही. परवान्याशिवाय सेट वापरणं गुन्हा आहे, तेव्हा आधी परीक्षा, मग खरेदी. आणि उमरग्याला एखादा मावसभाऊ असेल तर त्यालाही अभ्यासाला बसवा. त्याच्या गच्चीवर अँटेना उभी राहिली, तर सोलापूरच्या वाटेवर तुमची गाडी ऐकणारं घरचंच कुणीतरी असेल.