प्रमाणपत्र हाती आले. आता पहिली बुडी कोठे मारावी?

नवी दिल्ली : नवी दिल्ली रेल्वे स्थानकातून बाहेर पडून पहाडगंजच्या मेन बाजारात शिरले, की सहलींचे फलक सुरू होतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या गल्ल्यांतही गोवा आणि अंदमानच्या सहली विकल्या जातात आणि ‘स्कूबा डायव्हिंगसह’ हे शब्द त्यांत सहज जोडले जातात. या सहलींतील स्कूबा बहुधा ज्याने कधीच बुडी मारलेली नाही अशा पर्यटकासाठी असते. प्रशिक्षक त्याला धरूनच पाण्याखाली नेतो आणि धरूनच वर आणतो. ज्याने रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करून ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र मिळवले आहे, त्याचा प्रश्न निराळा आहे. त्याला आता हात धरणारा कोणी नको असतो, पण एकट्याच्या भरवशावर झेपेल असे पाणी कोणते, हेही त्याला ठाऊक नसते.

या प्रमाणपत्राचा अर्थ नेमका समजून घेतला पाहिजे. आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थांच्या नियमांनुसार ते मिळण्यासाठी जलतरण तलावातील सराव आणि खुल्या पाण्यातील किमान चार बुड्या पुरेशा असतात. दिल्लीतील अनेक जण तलावाचा भाग शहरातच उरकतात आणि उरलेल्या बुड्या सुट्टीत समुद्रावर पूर्ण करतात. त्यानंतर १८ मीटरपर्यंत, सोबत्यासह, प्रशिक्षकाविना उतरण्याची मुभा मिळते. ही मुभा म्हणजे कमाल मर्यादा आहे. पाचव्या बुडीला तिथपर्यंत पोहोचलेच पाहिजे, असा तिचा अर्थ होत नाही.

खोलीचा हिशेब हवेच्या भाषेत मांडला, तर हे लवकर ध्यानात येते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट आणि वीस मीटरवर तिप्पट होतो. श्वासाला लागणारी हवाही त्याच पटीत वाढते. अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा मावते. त्यातील ५० बार राखीव ठेवले, तर वापरायला सुमारे १,६५० लिटर उरते. नवखा डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला २५ लिटर हवा घेतो असे धरले, तर दहा मीटरवर ही हवा ३३ मिनिटे पुरते. १८ मीटरवर मात्र ती जेमतेम २३ मिनिटांत संपते. घाबरलेला माणूस याहूनही भराभर श्वास घेतो. दहा-बारा मीटरवरील प्रवाळ पाहायला अधिक वेळ मिळतो, उजेडही अधिक असतो आणि चुकलेच तर पृष्ठभाग जवळ असतो.

मराठी वाचकाच्या मनात प्रथम येते ते मालवण. १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य, त्यातील सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक आणि तारकर्लीचे पाणी उथळ आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्रही तारकर्लीत आहे. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र बंद. दोष एकच, दृश्यमानता. नद्यांचा गाळ आणि प्लवक यांमुळे बरेच दिवस पाच-सात मीटरपलीकडचे दिसत नाही. उथळ पाण्यात सोबती डोळ्यांआड होणे ही नवख्याची खरी परीक्षा असते. शिवाय येथील बहुतेक व्यवसाय पहिलटकरांच्या गर्दीवर चालतो. आपण प्रमाणित असल्याचे आधी सांगून स्वतंत्र गट आणि स्वतंत्र वेळ मागितली नाही, तर त्याच रांगेत दहा मिनिटांची बुडी पदरी पडते. गोव्यातील ग्रँड बेटाची गत फारशी वेगळी नाही.

कर्नाटकातील मुरुडेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटरवर असलेले नेत्राणी बेट त्या मानाने सरस. पाणी अधिक स्वच्छ असते आणि खडकाचा उतार बोटीजवळूनच सुरू होतो, त्यामुळे आठ मीटरवर थांबायचे की पंधरावर, हे आपल्याला ठरवता येते. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या नवख्या डायव्हरने दोन दिवसांची सुट्टी येथे घालवावी, असे सुचवावेसे वाटते.

अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे निवड अधिक काळजीपूर्वक करावी लागते, कारण तेथे सोपे आणि अवघड पाणी शेजारी शेजारी आहे. किनाऱ्यावरूनच उतरता येणारे निमो रीफ, हलक्या उताराचे लाइटहाउस आणि ॲक्वेरियम ही ठिकाणे नवख्यांसाठी योग्य. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज यांची छायाचित्रे अधिक देखणी असतात, पण तेथील पाहण्याजोगे बहुतेक सारे १८ ते ३० मीटरच्या पट्ट्यात आहे आणि प्रवाहही जोरदार असतो. लक्षद्वीपची खाजणे शांत आणि पारदर्शक आहेत, मात्र प्रवेश परवान्याची तजवीज आधी करावी लागते.

आंग्रिया बँकेचा मोह अनेकांना होतो. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारा हा प्रवाळ पठार विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर बुडालेला आहे. त्याचा सर्वांत उथळ माथाच सुमारे २० मीटर खोल आहे, म्हणजे नवख्याची मर्यादा संपते तेथून तो सुरू होतो. भोवती उघडा समुद्र आणि किनारा कित्येक तासांच्या अंतरावर. निवतीजवळ निवृत्त नौदल नौका ‘गुलदार’ समुद्रतळाशी ठेवण्याचा राज्याचा प्रकल्प आहे. अशा जहाजाच्या आत शिरण्यासाठीही वेगळे प्रशिक्षण लागते, बाहेरून पाहणे ठीक.

जागेइतकीच तिथी महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, पाणी वेगाने धावते आणि तळाची माती उसळते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा प्रवाह मंद असतो आणि पाणीही बहुधा निवळलेले मिळते. रजेचा अर्ज करण्यापूर्वी पंचांग उघडण्याचे हे एक आधुनिक कारण.

आरक्षण करताना थेट प्रश्न विचारावेत. बुडीची कमाल खोली किती, एका मार्गदर्शकामागे किती जण, बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, मागील बुड्यांची नोंदवही पाहिली जाते का. नोंदवही न मागणारे केंद्र तुमच्या अनुभवाची चौकशीच करत नाही, हे ओळखावे. सहा महिन्यांहून अधिक खंड पडला असेल, तर आधी उजळणीची बुडी मागावी. बोट आणि जीवरक्षक जाकिटेही पाहून घ्यावीत. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. तो अपघात पाण्याखाली घडला नव्हता.

परतीचा प्रवासही बुडीच्या नियोजनात मोडतो. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरपेक्षा अधिक नसावा आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, हे त्यासाठीच सांगितले जाते. एका बुडीनंतर किमान १२ तास, तर अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असे डायव्हिंग वैद्यकाचे मार्गदर्शन आहे. अंदमानहून सकाळच्या विमानाने दिल्लीला परतणाऱ्याने शेवटचा पूर्ण दिवस कोरडाच ठेवावा. घाटरस्त्याचा विचार मात्र सहसा कोणी करत नाही. मालवणहून कोल्हापूरकडे निघालेली गाडी आंबोलीला सुमारे ६९० मीटर उंचीवर पोहोचते. सहा-आठ मीटरच्या बुडीनंतर धोका अल्प असला, तरी दिवसात दोन-तीन खोल बुड्या झाल्या असतील, तर ती रात्र मालवणातच काढलेली बरी. दुसऱ्या दिवशी सांधे दुखू लागले, हातापायांना मुंग्या आल्या किंवा अनाकलनीय थकवा जाणवला, तर भेटणाऱ्या पहिल्याच डॉक्टरला आपण बुडी मारून आल्याचे आवर्जून सांगावे. एरवी मुंग्यांचे कारण समुद्रात शोधण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही.